महोत्सव-संस्थेच्या शिलकीबद्दल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका वाचकाने विचारले होते की, ज्या सांस्कृतिक संस्थेच्या ताळेबंदात वर्षअखेर शिल्लक दिसते, तिने पुढच्या महोत्सवासाठी पुन्हा वर्गणी आणि देणग्या कशासाठी मागाव्यात. प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याच्या मनात आकस नाही, हे पत्राच्या भाषेवरूनच कळत होते. गेली अकरा वर्षे मी एका छोट्या संगीत-नृत्य महोत्सवाची खजिनदार म्हणून विनामोबदला काम पाहते आहे. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हाच प्रश्न थोड्याफार फरकाने दर वर्षी येतो; तोवर सभेची वेळ संपत आलेली असते, मी चार वाक्यांत उत्तर देते आणि विचारणारा सभ्यपणे खाली बसतो, पण त्याचे समाधान झालेले नसते. ते उत्तर एकदा नीट लिहून काढावे म्हणून हे पत्र. जागेअभावी आपल्याला काटछाट करावी लागली तरी पैसे कधी येतात आणि कधी जातात याविषयीचा भाग शक्यतो राहू द्यावा, कारण सगळे दुखणे तिथेच आहे.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करायला हवा. 'ना-नफा संस्था' असे म्हटले की पुष्कळांचा समज होतो, अशा संस्थेकडे वर्षाच्या शेवटी काही उरताच कामा नये आणि उरले तर कुठेतरी पाणी मुरते आहे. अमेरिकन कायदेतज्ज्ञ हेन्री हॅन्समन यांनी १९८० साली लिहिलेल्या एका निबंधात या संस्थांचे लक्षण नेमके सांगितले आहे: जे उरेल ते संस्था चालवणाऱ्यांना वाटून घेता येत नाही. म्हणजे बंदी वाढाव्याच्या वाटपावर आहे, वाढावा होण्यावर नाही. ही बंदी का, याचे त्यांनी दिलेले कारणही आमच्या क्षेत्राला चपखल लागू पडते. देणगी देणाऱ्याला आपल्या पैशाचे पुढे काय झाले हे स्वतः तपासणे अवघड असते. पैसा कुणाच्या खिशात जाण्याची वाटच बंद असली, तर तो थोड्या निर्धास्तपणे देऊ शकतो. तेव्हा प्रश्न विचारायचाच असेल तर 'शिल्लक का उरली' याऐवजी 'ती कुणाची आहे, कशासाठी आहे आणि तिला हात लावण्याचा अधिकार कुणाला आहे' असा विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्ही बांधील आहोत.

ताळेबंदात शिलकीचा आकडा एकच छापलेला असतो, परंतु त्यात वेगवेगळ्या धन्यांचे पैसे एकत्र नांदत असतात. आमच्या खात्यातल्या शिलकीपैकी जवळजवळ निम्मी रक्कम ही एका कुटुंबाने नवोदित कलाकारांच्या शिष्यवृत्तीसाठी दिलेली कायम ठेव आहे. तिचे फक्त व्याज वापरायचे आणि तेही शिष्यवृत्तीसाठीच, असे देणगीपत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. महोत्सव बुडायची वेळ आली तरी त्या ठेवीला आम्ही हात लावू शकत नाही आणि लावूही नये. आणखी एक भाग पुढच्या महोत्सवाच्या आगाऊ विकलेल्या प्रवेशिकांचा असतो. सर्वसामान्य माणसाला ती कमाई वाटते, हिशेबाच्या दृष्टीने मात्र कार्यक्रम होईपर्यंत ते देणे असते; कार्यक्रम झाला नाही तर तो पैसा प्रेक्षकाचा आहे आणि त्याला परत गेला पाहिजे. तिसरा भाग म्हणजे झालेल्या कामाची पण अजून न आलेली बिले चुकवण्यासाठी लागणारे पैसे. एवढे सगळे वजा केल्यावर उरते ती खरी मोकळी शिल्लक, आणि ती पाहून कुणाला आमचा हेवा वाटावा अशी परिस्थिती नाही. हे वर्गीकरण ताळेबंदाच्या परिशिष्टांत असते, पण परिशिष्टे वाचतो कोण? ही चूक वाचणाऱ्यांपेक्षा आमचीच अधिक आहे, कारण पहिल्या पानावर सरळ भाषेत ते लिहिण्यापासून आम्हाला कुणी अडवले नव्हते.

आता मुख्य मुद्दा. महोत्सवाचा पैसा आधी जातो आणि मागाहून येतो. सभागृहाची किंवा मैदानाची अनामत सात-आठ महिने आधी भरावी लागते. कलाकारांच्या तारखा ठरल्या की बिदागीचा काही भाग आगाऊ द्यावा लागतो, प्रवासाची तिकिटे लवकर काढली तरच परवडतात, आणि ध्वनी-प्रकाशवाल्याला विसार दिल्याशिवाय तो आपले साहित्य आपल्यासाठी अडवून ठेवत नाही. याउलट प्रायोजकाचे पैसे कार्यक्रम झाल्यावर, अहवाल आणि छायाचित्रे पोहोचल्यावर, त्याच्या बोधचिन्हाला ठरल्याप्रमाणे जागा मिळाल्याची खात्री पटल्यावर येतात. अनुदानाचा शेवटचा हप्ता खर्चाच्या पावत्या आणि लेखापरीक्षकाची सही असलेले उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामासाठीच खर्चल्याचा दाखला, दाखल केल्यावर निघतो. ऑनलाइन तिकीटविक्रीची रक्कमसुद्धा बहुधा कार्यक्रम पार पडल्यावरच आमच्या खात्यात वळती होते, आणि त्यात गैर काही नाही, कारण प्रेक्षकांना परतावा द्यायची वेळ आली तर पैसे हाताशी असावे लागतात. या सगळ्याचा एकत्रित परिणाम मात्र असा की, ज्या तीन महिन्यांत संस्थेचा सर्वाधिक खर्च होतो, नेमक्या त्याच तीन महिन्यांत तिच्याकडे येणारा पैसा सर्वांत कमी असतो.

माझ्या घरी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला आहे. बारा महिन्यांचे बारा उभे रकाने; वरच्या ओळीत येणारे पैसे, तिच्याखाली जाणारे, आणि सर्वांत खाली त्या महिन्याअखेर हातात काय राहील तो आकडा. महोत्सवाआधीच्या तीन रकान्यांतले आकडे मी पेन्सिलीने लिहिते, कारण ते दर आठवड्याला बदलतात. खोडून खोडून त्या जागी कागद पातळ झाला आहे. वार्षिक अंदाजपत्रक कितीही काटेकोर असले तरी ते या तक्त्याचे काम करू शकत नाही, कारण अंदाजपत्रक वर्षाचे सांगते आणि घेणेकरी मात्र ठरल्या तारखेला येतो.

काही वर्षांपूर्वी एका अनुदानाचे मंजुरीपत्र आमच्या हातात होते. त्यावर रक्कम होती, सही-शिक्का होता, आणि त्या भरवशावर आम्ही कलाकारांना शब्द दिला. प्रत्यक्ष पैसे आले ते महोत्सवानंतर आठ महिन्यांनी. विलंब कुणाच्या दुष्टपणामुळे झाला असे मी म्हणणार नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना फाईल जशी थांबते तशी ती थांबली. त्या आठ महिन्यांत कार्यकारिणीतल्या तिघांनी घरचे पैसे संस्थेला बिनव्याजी उसने दिले म्हणून कलाकारांची देणी वेळेवर फिटली. त्या वर्षाच्या जमाखर्चात तूट नव्हती. मंजूर अनुदान येणे म्हणून दाखवलेले होते आणि कागदावर दोन्ही बाजू जुळत होत्या. खात्यात मात्र वीजबिल भरण्यापुरतेही पैसे नव्हते. छोट्या संस्था बंद पडतात तेव्हा 'प्रेक्षकांनी पाठ फिरवली' असे सहज बोलले जाते. माझा अनुभव असा की, प्रेक्षक समोर बसलेले असताना आणि जमाखर्च जुळत असतानाही केवळ दोन तारखांमधल्या अंतरामुळे संस्था कोलमडू शकते.

त्या उसनवारीचा आणखी एक परिणाम झाला, ज्याबद्दल सभेत कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. आमच्या कार्यकारिणीत एक नृत्यशिक्षिका होत्या. कार्यक्रमाची आखणी, कलाकारांची निवड, नव्या मुलांना मंचावर आणणे यांत त्यांच्याइतकी जाण आमच्यापैकी कुणालाच नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. बऱ्याच दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "ताई, वेळ आली तर तुमच्यासारखे पैसे काढून देणे मला जमणार नाही, मग बैठकीत बसून मत तरी कशाला द्यायचे?" त्यांच्याकडे कुणी पैसे मागितले नव्हते. पण संस्थेकडे राखीव निधी नसला की ज्यांच्या घरी उसने द्यायला पैसा आहे त्यांनीच पदाधिकारी व्हावे, असा अलिखित नियम आपोआप तयार होतो, आणि मग संस्था कुणाच्या विचाराने चालणार हेही त्यावरूनच ठरते. समाजाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला हे शोभत नाही. शिलकीचा आग्रह मी धरते त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

त्यानंतर सलग चार वर्षे आम्ही प्रत्येक महोत्सवाच्या अंदाजपत्रकात 'राखीव' म्हणून एक ठरावीक हिस्सा बाजूला काढला. त्यावर सभेत वाद झाला. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे होते की, लोक कलेसाठी पैसे देतात, बँकेत ठेवण्यासाठी नाही. मला त्यांचे म्हणणे त्या दिवशी पूर्णपणे खोडता आले नाही. उत्तर दोन वर्षांनी मिळाले. महोत्सव खुल्या मैदानात होता. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला, मंचावरचे कापड फडफडू लागले, दिव्यांचे खांब हलताना दिसले, आणि आम्ही संध्याकाळचा कार्यक्रम रद्द केला. माणसांच्या जिवापुढे दुसरा विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. त्या क्षणी मंच उभारून झालेला होता, ध्वनियंत्रणा लागलेली होती, कलाकार येऊन पोहोचले होते आणि सुरक्षारक्षक आपापल्या जागी उभे होते. म्हणजे त्या संध्याकाळचा खर्च जवळजवळ पुरता झालेला होता आणि तिकिटांचे पैसे मात्र परत करायचे होते. विमा होता, पण खराब हवामानासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो आणि तो आम्ही काटकसर म्हणून भरला नव्हता. मंचामागच्या पायऱ्यांपाशी एक तरुण साथीदार आपले वाद्य ओले होऊ नये म्हणून छातीशी धरून उभा होता. मुख्य कलाकार गाडीत जाऊन बसले होते, याला कुठे जावे ते कळत नव्हते. मला पाहून त्याने खालच्या आवाजात विचारले, "ताई, आजचे मिळेल ना?" मी धनादेशाचे पुस्तक उघडून त्याच्या नावाचा धनादेश तिथेच लिहिला. हाच प्रसंग राखीव निधी उभा राहण्याआधी आला असता, तर त्या मुलाला 'नंतर बघू' असे सांगावे लागले असते, आणि हे 'नंतर' किती लांबते हे या क्षेत्रातल्या प्रत्येक साथीदाराला ठाऊक आहे. महोत्सवाच्या साखळीत सर्वांत शेवटी पैसे मिळणारा माणूस बहुधा सर्वांत गरजू असतो, आणि राखीव निधी नसण्याची किंमत तोच मोजतो.

राखीव निधी किती असावा, याबद्दल एक ठोकताळा सेवाभावी संस्थांमध्ये वारंवार सांगितला जातो: तीन ते सहा महिने खर्च चालेल इतका. वर्षभर दवाखाना किंवा वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला तो योग्य आहे. वर्षातून चार दिवस महोत्सव भरवणाऱ्या संस्थेला तो जसाच्या तसा लावला तर दिशाभूल होते, कारण आमचे नऊ महिने जवळजवळ बिनखर्चाचे जातात आणि मग दोन-तीन आठवड्यांत वर्षाचा बहुतेक खर्च होऊन जातो. सरासरी महिन्याला या हिशेबात काही अर्थ उरत नाही. आम्ही खूप विचार करून वेगळे माप धरले. महोत्सव अगदी आदल्या संध्याकाळी रद्द झाला, तर जो खर्च कुठल्याही मार्गाने परत येणार नाही आणि तरीही ज्यांचे पैसे दिलेच पाहिजेत, त्याची बेरीज म्हणजे आमच्या राखीव निधीचे लक्ष्य. ही बेरीज दर वर्षी नव्याने करावी लागते. ती करताना कोणत्या करारात रद्द झाल्यास काय द्यायचे हे लिहिलेलेच नाही, तेही ध्यानात येते; आमचे दोन करार त्यामुळेच सुधारले गेले.

या गोष्टी फक्त आमच्यासारख्या लहानांच्या वाट्याला येतात असेही नाही. जर्मनीतल्या बायरॉइट इथे संगीतकार रिचर्ड वाग्नर यांनी आपल्या संगीतनाटकांचा १८७६ मध्ये पहिला महोत्सव भरवला. त्यासाठी आश्रयदात्यांना प्रत्येकी ३०० थालरची (थालर हे जुने जर्मन चलन) प्रमाणपत्रे विकण्याची योजना होती. ती अपेक्षेइतकी खपली नाहीत आणि बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्या कर्जामुळे काम पुढे गेले. कलेच्या दृष्टीने गाजलेला तो महोत्सव संपला तेव्हा सुमारे १,४८,००० मार्कांची तूट होती. ती भरून काढण्यासाठी वाग्नर यांनी पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफली केल्या, पण त्यांनीही भागले नाही. दुसरा महोत्सव भरायला १८८२ साल उजाडले. युरोपभरातून रसिक आलेले, राजाचा पाठिंबा मिळालेला, आणि तरीही मध्ये सहा वर्षे पडदा बंद! आमच्यासारख्या संस्थेला तर इतका मोठा खंड पडला की नंतर पुन्हा उभे राहणेच कठीण, कारण मधल्या काळात स्वयंसेवक पांगतात, मैदानाची तारीख दुसऱ्याकडे जाते आणि प्रेक्षकांची सवय मोडते.

वाढाव्याचे काय करता येते याचेही एक उदाहरण मला फार आवडते. अमेरिकेतला न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सव १९६३ मध्ये एका ना-नफा प्रतिष्ठानाच्या छत्राखाली नव्याने सुरू झाला. महोत्सव-आयोजक जॉर्ज वेन आणि लोकगायक पीट सीगर यांच्यासारख्यांनी त्यात पुढाकार घेतला होता. नामवंत असो की नवखा, प्रत्येक कलाकाराला सारखेच ५० डॉलर आणि प्रवास व राहण्याचा खर्च, असा तिथला नियम होता. महोत्सवातून उरलेला पैसा लोकसंगीत गोळा करण्यासाठी, टिकवण्यासाठी अनुदान म्हणून दिला जाई. तिथे वाढावा झाला याबद्दल कुणी कुणाला जाब विचारला असेल असे वाटत नाही, कारण त्याचा हेतू आधीच जाहीर होता. तो महोत्सव १९६९ नंतर खंडित झाला आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाला. खंड पडण्यामागे अनेक कारणे होती, केवळ पैशावर बोट ठेवणे योग्य होणार नाही. पण वाढाव्यातून इतरांना देताना स्वतःच्या पडत्या काळासाठी किती राखावे, हा प्रश्न ती हकीकत वाचताना माझ्या मनात प्रत्येक वेळी येतो.

त्या वाचकांनी आणखी एक सूचना केली होती की, तिकिटाचे दर वाढवून महोत्सवाने स्वतःच्या पायावर उभे राहावे. ही सूचना आम्ही मनापासून तपासून पाहिली आहे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे की, कारखान्यात यंत्रे सुधारली की कमी वेळात अधिक माल निघतो आणि त्यातून वाढते वेतन परवडते, पण चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत होता तितकाच आजही लागतो. वादकाचे घरभाडे मात्र आजच्या दराने असते. म्हणून प्रयोगाचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत सतत वर चढत राहतो आणि तिकिटाचा दर त्याच्यामागे कितीही पळवला तरी गाठू शकत नाही. दर वाढवत नेले तर एका टप्प्यावर ज्यांच्यासाठी महोत्सव सुरू केला तेच बाहेर राहतात. प्राचीन अथेन्समध्येही ही अडचण होतीच. तिथल्या नाट्यमहोत्सवांत गायकवृंदाचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाने उचलायचा, नटांचे मानधन नगरराज्याने द्यायचे आणि प्रेक्षकाने दोन ओबोल (तिथली छोटी नाणी) देऊन आत यायचे अशी वाटणी होती. पुढे तेही ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी राज्याने निधी ठेवला. तिकीट, आश्रयदाता आणि सार्वजनिक निधी या तीन पायांवर महोत्सव उभा असणे हा आमच्या काळातला दुबळेपणा नाही, हे यावरून त्या वाचकांच्या लक्षात यावे. एडिंबरा इथला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९४७ मध्ये सुरू झाला तोही नगरपालिका, कला परिषद आणि खाजगी देणगीदार यांच्या एकत्रित पैशावरच. त्याच महोत्सवाला २०२० च्या साथीत स्थापनेपासून पहिल्यांदाच पूर्ण वर्ष रद्द करावे लागले.

तीन पायांपैकी एकावर भार किती टाकायचा, हे मात्र संस्थेने जपायला हवे. आमच्याकडे एका वर्षी एकाच प्रायोजकाकडून जवळजवळ अर्धा खर्च निघत होता. महोत्सवाला सात आठवडे उरले असताना त्यांच्या कचेरीतले धोरण बदलले आणि एका फोनवर ते बाजूला झाले. लेखी करार झालेला नव्हता, फक्त परिचय आणि विश्वास होता. त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. तेव्हापासून एका प्रायोजकाकडून एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक घ्यायचे नाही, असा ठराव आम्ही केला आहे. तो पाळताना मोह आवरावा लागतो, हे खरे.

देणगीदारांविषयी एक गोष्ट आदरपूर्वक सांगावीशी वाटते. बहुतेक देणगीदार विचारतात की, आमच्या पैशातला आस्थापना खर्चावर किती जातो, आणि उत्तर जितके कमी तितकी संस्था चांगली असे मानतात. या समजुतीचे काय होते ते ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये एका लेखात दाखवले: देणगीदारांची अपेक्षा अवास्तव असते, ती पुरी करण्यासाठी संस्था आस्थापना खर्च कमी करतात किंवा कमी दाखवतात, त्यामुळे अपेक्षा आणखी अवास्तव होते, आणि संस्था आतून उपाशी राहते. २०१३ मध्ये तर सेवाभावी संस्थांना गुण देणाऱ्या अमेरिकेतल्या तीन मोठ्या संघटनांनीच देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितले की, केवळ आस्थापना खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची परीक्षा करू नका. आमच्या बाबतीत आस्थापना खर्च म्हणजे काय? एका अर्धवेळ कार्यालयीन सहायकाचे वेतन, लेखापरीक्षकाचे शुल्क, विम्याचा हप्ता, आणि हिशेबाच्या संगणक-प्रणालीची वर्गणी. यांतला एकेक खर्च वाचवून पाहा. लेखापरीक्षण लांबले तर अनुदान अडकते, विम्याचा हप्ता वाचवला तर वाऱ्याची ती संध्याकाळ येते, आणि सहायक सोडून गेला तर पावत्यांचे गठ्ठे माझ्या जेवणाच्या टेबलावर येतात. मंचावरच्या दिव्याला देणगीदाराचे नाव देता येते, विम्याच्या हप्त्याला देता येत नाही. म्हणूनच कुणीतरी विम्याचा हप्ता द्यायला हवा असे मी आवर्जून म्हणते.

शिलकीवर शंका घेणाऱ्यांची बाजूही मला मान्य आहे. वर्षानुवर्षे ठेवी वाढवत राहिलेल्या आणि कलाकाराला मात्र पूर्वीच्याच बिदागीत राबवणाऱ्या संस्था असतात. पैसा साठला की तो सांभाळणे हेच काहींना संस्थेचे काम वाटू लागते. त्यामुळे राखीव निधीला वरची मर्यादा हवी आणि ती लेखी हवी. आमचा नियम असा: ठरवलेल्या लक्ष्याच्या वर जी रक्कम जाईल ती पुढच्या महोत्सवात आधी साथीदार आणि तंत्रज्ञ यांच्या मानधनवाढीसाठी वापरायची. निधी वापरायचा झाल्यास कार्यकारिणीतल्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती आणि वापरल्यावर किती काळात भरून काढणार याचा ठराव आवश्यक. पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाकडून कुठलीही सेवा घेतली तर तिचा उल्लेख हिशेबात नावानिशी करायचा. वस्तुरूपाने मिळालेली मदतही तिची बाजारातली किंमत धरून दोन्ही बाजूंना दाखवायची, म्हणजे ती मदत एखाद्या वर्षी मिळाली नाही तर केवढे भगदाड पडेल हे सर्वांना दिसते. स्वयंसेवकांचे तास आम्ही नुसते मोजून ठेवतो, त्याचे पैशांत रूपांतर करत नाही. पण गेल्या खेपेला ती बेरीज सभेत वाचून दाखवली तेव्हा बराच वेळ कुणी बोलले नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. महोत्सवांच्या बातम्यांत गर्दीचा आकडा येतो आणि कधीकधी 'विक्रमी प्रतिसाद' हे शब्दही येतात. गर्दी आणि उत्पन्न यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो. अमेरिकेतल्या १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाला लाखो लोक आले, पण कुंपण आणि तिकिटांची दारे वेळेत पुरी न झाल्याने प्रवेश मोफत करावा लागला आणि आयोजक कर्जात बुडाले; पुढे त्या महोत्सवावर चित्रपट निघाला म्हणून ते सावरले. आमच्यासारख्यांच्या मागे चित्रपट येत नाही. तेव्हा बातमीदारांनी महोत्सव संपल्यावर महिन्याभराने एकदा फोन करून कलाकारांची देणी फिटली का, एवढे विचारले आणि उत्तर छापले, तर संस्थांना शिस्त लागेल आणि वाचकांना पैशाची खरी गोष्ट कळेल. सुरुवात आमच्यापासून करायला आमची हरकत नाही.

ज्या वाचकांनी प्रश्न विचारला त्यांना सांगायचे तर, यंदापासून आमच्या ताळेबंदाच्या पहिल्याच पानावर शिलकीचे चार भाग वेगवेगळे दाखवले आहेत: ठेव, आगाऊ प्रवेशिका, देणी आणि मोकळी शिल्लक. मोकळ्या शिलकीसमोर लक्ष्याचा आकडाही छापला आहे. अजून आम्ही त्या लक्ष्याच्या निम्म्यापर्यंतच पोहोचलो आहोत, म्हणून यंदाही वर्गणी मागणार आहोत, आणि पावतीवर 'राखीव निधीसाठी' असा वेगळा रकाना ठेवला आहे. त्यांनी तो भरलाच पाहिजे असे नाही. सभेच्या आधी आठवडाभर खतावणी आणि पावतीपुस्तके कार्यालयात पाहायला ठेवलेली असतात. त्यांनी यावे, मी तिथेच असते.

आपली विश्वासू,
एका छोट्या महोत्सव-संस्थेची खजिनदार